सहा ते सात

तिथल्या दवाखान्यात पहिली पाळी सहाला सुरू होते.
शाळेजवळच्या पाळणाघराचं दार सातला उघडतं.
मेलमध्ये एवढंच होतं, आणि खाली शुभेच्छा.
मी तीनदा वाचला,
मधला एक तास कुठे ठेवलाय का बघायला.

इथे मिरजेत तो खैरूनचाचींकडे असतो.
सतारमेकर गल्लीत, वाळत टाकलेल्या भोपळ्यांशेजारी
तेजल दात घासते, त्यांच्या चहात खारी बुडवते,
एखाद्या भोपळ्यावर टिचकी मारून सांगते,
हा अजून ओला बोलतोय.
दोन वर्षांची होती तेव्हापासून.
करार नाही, पैशांची गोष्ट नाही.
ड्यूटीवरून आले की चाची म्हणतात,
घे बाई, तुझी अमानत.

कागद मात्र ढीगभर झाले.
लग्नाचा दाखला एकोणीसच्या पुरात भिजला,
सांगलीत गावभागात राहायचो तेव्हा.
आमची नावं एकमेकांत उतरलीत त्याच्यावर.
घटस्फोटाचा कागद माळ्यावर होता.
कोरडा.

वडिलांची संमती लागते, असं कळलं.
कोर्टासमोर, नोटरीच्या टेबलापाशी दत्तात्रय आला,
हेल्मेट काखेत.
सहा वर्षांत शाळेची फी किती, हे न विचारलेला माणूस;
आता त्याच्या एका सहीपाशी
सात हजार किलोमीटर अडून बसले होते.
मी भांडणाची उत्तरं पाठ करून गेले होते, क्रमाने.
त्याने कागद वाचलाही नाही.
'थंडी फार असते ना तिकडे?
तिचा डावा कान दुखायचा.'
सही केली, आणि पेन माझंच
स्वतःच्या खिशाला लावून निघून गेला.
विश्रामबागपर्यंत मला राग येत राहिला,
की त्याला कान आठवतो, तोही डावा.
पुढे मिरजेपर्यंत नुसतीच बसले होते.

रात्री आम्ही दोघी जर्मन शिकतो.
तिथे नामांना तीन लिंगं,
बाकीच्या स्टाफला त्यानेच घाम फुटतो.
आम्हाला काय, तो ती ते घरचेच.
घर तिकडेही ते. मूल तिकडेही ते.
नदी मात्र तो.
'तो नदी!' तेजल गादीवर लोळते.
'तो कृष्णा आला, तो कृष्णा पुलाला लागला,
आई, हा तर देवच झाला की.'
आणि सूर्य ती.
'ती सूर्य?'
ती सूर्य.
'मग चंद्र?'
चंद्र तो. आपल्यासारखाच, कधी असतो कधी नसतो.
तिने वहीत सूर्याला दोन वेण्या काढल्या,
कमरेला ओढणी खोचून दिली, हातात डबा.
मग पेन्सिल थांबली.
'ती उगवेपर्यंत मी कुणाकडे?'

हिवाळ्यात ती आठला उगवते,
हे मी सांगितलं नाही.

चाचींना सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं,
तिथे सहा म्हणजे इथे साडेनऊ, कधी साडेदहा.
'मग मी मोकळीच की. भाजी निवडत असते.
फोन लावून दे, बसेल माझ्यापुढे.'
चाची, तिथे कायदा असतो.
'असू दे की. मी काय त्याला नको म्हणते?'
आणि तारा गुंडाळत बसलेल्या नवऱ्याला म्हणाल्या,
घरात एक चांगला फोन घ्यायचाय.

उत्तर अजून पाठवलेलं नाही.
पाळी सातला मिळेल का, एवढंच विचारायचंय,
चार ओळींत, न गयावया करता.
सरांनी लाल शाईत एकच चूक काढली:
तास आपल्याकडे तो,
तिकडे ती.

दुरुस्त केलं.
पुन्हा वाचतेय.